दोन दांडक्यांमधला सांधा

‘ननचाकू हे मुळात ओकिनावातल्या शेतकऱ्यांचं भात झोडायचं अवजार. जपान्यांनी शस्त्रं काढून घेतली, तेव्हा बिचाऱ्यांनी तेच हातात धरलं.’ आपल्याकडच्या कराटे क्लासांमधून हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतं आहे. बेल्टच्या परीक्षेत तोंडी विचारलं की पोरं ते घडाघडा म्हणून दाखवतात. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मीही क्लास चालवते. पण त्याआधी मी सुताराची मुलगी आहे, त्यामुळे हे वाक्य माझ्या घशाखाली कधी उतरलं नाही. फूटभर लांबीची दोन दांडकी, मध्ये चार बोटं दोरी. एवढ्याशा वस्तूनं भात झोडायचा तर दिवसभर उकिडवं बसावं लागेल. आणि बसायचंच ठरवलं, तर दोरीची भानगड हवी कशाला? साधा बडगा पुरतो की.

आपल्याकडे दोन दांडक्यांचं असलं अवजार मी कुठल्याच खळ्यावर पाहिलेलं नाही. मावळात, कोकणात भाताची पेंढी उचलून फळीवर किंवा दगडावर आपटतात. देशावर तिवड्याभोवती बैलांची पात फिरवून मळणी व्हायची. हरभरा, घेवडा काठीनं बडवायचा. सांधा असलेलं मळणीचं दांडकं बघायचं तर युरोपापासून सुरुवात करू. इंग्रज त्याला फ्लेल म्हणतात, चेक लोक ‘त्सेप’. इंग्लंडच्या लिंकनशरमध्ये 1325 ते 1340च्या सुमारास लट्रेल घराण्यासाठी प्रार्थनेचं एक सचित्र पुस्तक तयार झालं. त्यात दोन गडी समोरासमोर उभे राहून फ्लेलनं पेंढ्या झोडताना काढले आहेत. त्यांच्या हातातला लांब दांडा आणि त्याच्या टोकाला लोंबणारं आखूड दांडकं इतकं नीट दिसतं, की त्या चित्रावरून सुतार थेट कामाला लागेल.

रचना अशी. हातातला दांडा माणसाच्या छातीपर्यंत येईल एवढा, बहुधा ॲश नावाच्या लवचीक लाकडाचा. झोडायचं दांडकं त्याच्या निम्मं किंवा थोडं जास्त, पण जड, कठीण लाकडाचं. खरी करामत दोघांच्या मध्ये. दांड्याच्या डोक्यावर वाफेनं वाकवलेल्या लाकडाची किंवा शिंगाची एक कडी बसवायची. ती दांड्याभोवती गरगर फिरते. दांडक्याच्या टोकाला कातड्याची टोपी शिवायची, आणि कडी आणि टोपी यांतून चामड्याचा पट्टा ओवायचा. काही भागांत त्यासाठी ईल माशाचं कातडं वापरत, कारण ते चिवट असतं आणि सहजी झिजत नाही. कडी फिरती नसेल तर हजारभर फटक्यांत पट्टा पिळून पिळून तुटेल. ज्यानं कुणी ही फिरती कडी पहिल्यांदा बसवली, त्याला अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपल्या शेजारी पाटावर बसवून जेवू घातलं असतं.

मी एक करून पाहिलं. दांड्याला बांबू, झोडायला बाभूळ, मध्ये जुन्या चपलेच्या तळाचं चामडं. शेजाऱ्यांचा हरभरा अंगणात पसरला होता, त्यावर चालवून बघितलं. दोन गोष्टी लगेच कळल्या. एक म्हणजे मनगटाला काहीच लागत नाही. साधी काठी जमिनीवर आदळली की झटका सरळ खांद्यापर्यंत चढतो. इथे आदळणारं दांडकं वेगळं आणि धरलेला दांडा वेगळा, त्यामुळे सांध्याशीच झटका संपतो, आणि पाठही वाकवावी लागत नाही. दुसरी गोष्ट जरा त्रासाची. दांडकं पूर्ण आडवं, सपाट पडलं तरच काम होतं. तसं पडलं की ‘थप्प’ असा भरीव आवाज येतो आणि आख्ख्या लांबीखालचे घाटे एकदम फुटतात. टोक आधी लागलं तर जमिनीला खड्डा पडतो, दाणा फुटतो आणि दांडकं उसळून गुडघ्यावर येतं. म्हणजे मळणीचं सगळं कसब टोकानं न मारण्यात आहे. हाताचा वेग शेवटच्या क्षणी थोडा आवरायचा, म्हणजे दांडकं जमिनीला समांतर होऊन पडतं.

लढाईत हेच सगळं उलटं होतं. शत्रूच्या डोक्यावर सपाट फटका मारून उपयोग काय? तिथे टोकच लागलं पाहिजे, आणि सगळा जोर बोटभर जागेत उतरला पाहिजे. म्हणून लढाईच्या फ्लेलचं दांडकं आखूड होतं, त्याला लोखंडी पट्ट्या आणि खिळे येतात, आणि चामड्याच्या जागी लोखंडी कड्या येतात. लांबून पाहिलं तर वस्तू तीच. हातात घेतली की मात्र वजन कुठे आहे आणि सांधा किती ढिला आहे, एवढ्यावरून कुठली कोणत्या कामाची ते कळतं.

अवजाराचं शस्त्र झाल्याचा सगळ्यात ठसठशीत दाखला बोहेमियाचा, म्हणजे आजच्या चेक देशाचा. धर्मसुधारक यान हुसला 6 जुलै 1415 रोजी कॉन्स्टन्समध्ये जिवंत जाळलं. त्याचे अनुयायी पेटून उठले, आणि 1419 पासून पंधरा वर्षं ते सम्राटाच्या आणि पोपच्या फौजांशी लढत राहिले. त्यांच्यात सरदार थोडे, शेतकरी आणि कारागीर जास्त. सेनापती यान झिझका आधीच एका डोळ्यानं आंधळा होता. पुढे दुसराही गेला, तरी तो फौज चालवत राहिला. पोलादी चिलखतातले घोडेस्वार अंगावर आले तर शेतकऱ्यानं करायचं काय, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. त्यानं उत्तर काढलं ते शेतकऱ्याच्याच घरातून. गाड्या.

माल वाहायच्या भक्कम गाड्या एकमेकींना साखळ्यांनी जोडून गोल किंवा चौकोनी कोट करायचा, बाहेरच्या बाजूला जाड फळ्या लावायच्या. एकेका गाडीवर साधारण वीस माणसं. त्यांत गाडीवान, हातबंदूकवाले, आडवं धनुष्य चालवणारे, मोठ्या ढाली धरणारे, लांब भाल्यांचे गडी, आणि फ्लेलवाले. गोळ्या आणि बाण चुकवून जो स्वार गाडीपर्यंत पोचेल, त्याच्यावर वरून फ्लेल पडे. आता ही जागा जरा डोळ्यांसमोर आणा. मारणारा गाडीत उंचावर उभा, मध्ये फळीची भिंत, पलीकडे खाली शत्रू. फ्लेलला जमिनीवरच्या ओंब्यांवर पडायची सवय, इथेही तो वरून खालीच पडतो. फळीवरून किंवा ढालीच्या कडेवरून दांडा अडला तरी सांध्यापुढचं दांडकं वळून पलीकडे उतरतं. सरळ काठी तिथे अडते. तलवारीनं चिलखत चिरत नाही, पण लोखंड जडवलेलं दांडकं शिरस्त्राणावर बसलं की शिरस्त्राण शाबूत राहूनही आतला माणूस गार होतो.

शिवाय माणसं तयार होती. युरोपात मळणी हे हिवाळ्याचं काम. पेंढ्या कोठारात रचून ठेवायच्या आणि थंडीचे महिने आत उभं राहून झोडत बसायचं. दोघं-तिघं असली की फटके ओळीनं पडायला हवेत, नाहीतर दांडकी एकमेकांत अडकतात. दर हिवाळ्यात असं झोडत आलेल्या माणसाला फ्लेल शिकवावा लागत नाही. तलवारीचा हात बसायला काही वर्षं जातात, आणि झिझकाकडे वर्षं नव्हती. 14 जुलै 1420 रोजी प्रागजवळच्या वित्कोव्ह टेकडीवर राजा झिगिस्मुंडचे, पुढे सम्राट झालेल्या त्याच झिगिस्मुंडचे, स्वार चढून आले. टेकडी राखणाऱ्या मूठभर लोकांत बायकाही होत्या. त्यांनी हल्ला रोखून धरला, झिझका मदतीला पोचला आणि स्वार कड्यावरून खाली कोसळले. त्या भागाला आज झिझकोव्ह म्हणतात.

1434 साली, 30 मे रोजी लिपानीला, हे सगळं संपलं. या वेळी समोर त्यांच्याच चळवळीतले मवाळ होते आणि गाड्यांचं तंत्र दोघांनाही ठाऊक होतं. मवाळांनी हटल्याचं सोंग केलं. जहाल मंडळी विजय झाला असं समजून गाड्यांचा कोट उघडून मैदानात धावली आणि तिथे घोडेस्वारांनी त्यांना चिरडलं. डावपेचांच्या पुस्तकांत या पराभवाची कारणं बरीच दिलेली असतात. माझी नजर मात्र त्या मैदानातल्या फ्लेलवाल्यावर जाते. सपाट रानात, चारही बाजूंनी माणसं असताना त्याच्या हातातली वस्तू निम्म्या किमतीची झाली. फटका मारायला उंची नाही, पाठीशी गाडी नाही, आणि फिरवायची तर शेजारी आपलाच माणूस.

असल्या जोडदांडक्याला उंची लागते, ही गोष्ट चीनमध्ये कितीतरी आधी कळली होती. मोझी या ग्रंथात नगरकोटाच्या रक्षणासाठी लागणाऱ्या हत्यारांची यादी आहे, तिच्यात जोडदांडकं आहे. काम तेच, तटावर चढणाऱ्याला वरून मारायचं. 1044 साली सोंग दरबाराच्या आज्ञेवरून ‘वूजिंग झोंगयाओ’ हा युद्धशास्त्राचा मोठा ग्रंथ सिद्ध झाला. त्यात लोखंडी साखळीच्या फ्लेलबद्दल लिहिलं आहे, की हे पश्चिमेकडच्या टोळ्यांचं हत्यार, घोड्यावरून पायदळाला मारायचं; आकार गहू झोडायच्या अवजारासारखा. कोरियाचा राजा जोंगजोनं 1790 मध्ये छापवलेल्या युद्धकलेच्या ग्रंथात पायी लढायचा फ्लेल वेगळा आणि घोड्यावरचा वेगळा दिला आहे. घोड्यावरचा आखूड, कारण उंची घोडाच देतो. तट, गाडी, घोडा. जोडदांडकं टिकलं ते बहुतेक ठिकाणी उंचीच्या आधारानं.

सिनेमांत सरदार एका हातात काटेरी गोळा साखळीवर फिरवतात त्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण पोरं विचारतातच. संग्रहालयांतल्या अशा गोळ्यांपैकी बरेचसे एकोणिसाव्या शतकात हौशी लोकांसाठी बनवलेले निघाले, आणि युरोपच्या मध्ययुगात असलं काही सर्रास वापरत होते का, याबद्दल अभ्यासकांना दाट शंका आहे. सुतार म्हणून मला नवल वाटत नाही. लांब साखळीवरचा गोळा चुकला की कुठे जाईल, हे फिरवणाऱ्यालाही सांगता येत नाही. आउग्सबुर्गच्या पाउल हेक्टर मायरनं 1540च्या दशकात द्वंद्वाचा प्रचंड सचित्र ग्रंथ करवून घेतला. त्यात कोयता, विळा आणि शेतातला फ्लेलसुद्धा आहे, पण फ्लेल तोच, लांब दांड्याचा, दोन्ही हातांनी धरायचा. हा मायर शहराचा खजिनदार होता. अशा ग्रंथांवर आणि मेजवान्यांवर त्यानं शहराचा पैसा उधळला, म्हणून 1579 मध्ये त्याला फाशी दिलं. पुस्तकांच्या नादापायी जीव गेलेली माणसं मला फारशी ठाऊक नाहीत, पण हा त्यांतला पहिल्या नंबरचा.

आता खिशात मावणाऱ्या जोडदांडक्याकडे येऊ. ते पहिल्यांदा गाजलं ते लंडनमध्ये, ब्रूस लीच्या तीनशे वर्षं आधी. 1678 मध्ये टायटस ओट्स नावाच्या बनेल माणसानं अफवा उठवली, की कॅथलिक लोक राजाला मारून प्रोटेस्टंटांची कत्तल करणार आहेत. ऑक्टोबरात एडमंड बेरी गॉडफ्री या न्यायाधीशाचं प्रेत एका टेकडीवर सापडलं आणि शहराची गाळण उडाली. तेव्हा स्टीफन कॉलेज नावाच्या सुतारानं, हो, सुतारानंच, एक हत्यार काढलं. हातात धरायला एक दांडकं, पट्ट्यानं जोडलेलं दुसरं, आणि त्यात शिसं भरलेलं. लोकांनी त्याला ‘प्रोटेस्टंट फ्लेल’ नाव दिलं आणि रात्री बाहेर पडताना कोटाखाली बाळगायला सुरुवात केली. रॉजर नॉर्थ या त्या काळच्या लेखकानं त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. त्यातला एक तपशील वाचून मी मनात कॉलेजला सलाम केला: फिरणारं दांडकं हाताच्या जरा अलीकडेच थांबेल एवढ्याच लांबीचं ठेवलं होतं. म्हणजे परतून आलं तरी स्वतःच्या बोटांवर बसू नये. शेताच्या फ्लेलला असली काळजी करावी लागत नाही, कारण तिथे हात दोन हात दूर असतात. खिशातल्या हत्याराला हे गणित सुटतच नाही. कॉलेजनं राजाविरुद्ध पुष्कळ तोंड सोडलं होतं. 31 ऑगस्ट 1681 रोजी त्याला राजद्रोहासाठी ऑक्सफर्डला फाशी झाली, आणि त्याचं हत्यार पुढे चेष्टेचा विषय होऊन बाजूला पडलं.

ननचाकूचं कूळ याच गणिताचं. दोन्ही दांडकी सारखी, साधारण कोपरापासून तळहातापर्यंत भरतील एवढी, मध्ये तळहाताच्या रुंदीची दोरी किंवा साखळी. दोन्ही सारखी असल्यामुळे मूठ कुठली आणि मारायचं टोक कुठलं हे ठरलेलं नसतं. उजव्या हातातून डाव्यात घेतलं की भूमिका बदलते. शेताच्या फ्लेलमध्ये हे कधी होणार नाही, कारण तिथे दांडा दांडा आहे आणि झोडणारं झोडणारं. शिवाय ननचाकूचा फटका बसला की दांडकं परत तुमच्याकडेच येतं. म्हणून तर काखेत, खांद्यावर, कमरेशी ते धरायचे इतके प्रकार शिकवावे लागतात. बघणाऱ्याला ती नजाकत वाटते. शिकवणाऱ्याला माहीत असतं, की ती उसळी झेलायची सोय आहे.

अण्णांनी मला पहिला ननचाकू बाभळीचा करून दिला. त्यांना त्याचं नाव धड म्हणता येत नव्हतं, पण सांध्याचं मर्म एका नजरेत कळलं. टोकाकडून गिरमिटानं सरळ भोक, कडेनं आडवं भोक, आणि दोन्ही आत अचूक मिळाली पाहिजेत. मग भोकाची कड गोल कानसीनं घासत बसले. मी घाई करत होते. ‘ही धार ठेवली तर दोरी आतून कापत जाते, तुला दिसत नाही, आणि एक दिवस दांडकं सुटून कुणाच्या तरी डोळ्यात,’ असं म्हणून त्यांनी सावकाश घासणं चालू ठेवलं. आजही क्लासमध्ये नवीन ननचाकू आला की मी आधी करंगळीचं टोक त्या भोकाच्या कडेवरून फिरवते.

ओकिनावाच्या शेतकऱ्याकडे सांध्याचं मळणीचं अवजार नव्हतंच, असं मी म्हणत नाही. जपानी बेटांवर मळणीचा फ्लेल होताच. त्याला कुरुरिबो म्हणतात. पण तो आणखी निराळा. त्यात चामडं नाही की दोरी नाही. लांब बांबूच्या टोकाला आडवी खुंटी, आणि तिच्याभोवती झोडणारा भाग एकाच पातळीत गोल फिरतो. दोरीच्या सांध्याला चारही दिशा मोकळ्या असतात, खुंटीच्या सांध्याला एकच. त्यातून ननचाकू निघाला म्हणायचं तर लांबी बदलायला हवी आणि सांधा पार नवा करायला हवा. मग उरलं काय? शिवाय हा कुरुरिबो मुख्यतः जव, गहू आणि कडधान्यांसाठी. जपानात भात झोडण्याऐवजी ओरपून काढायची रीत मोठी होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस ‘सेनबाकोकी’ नावाची लोखंडी दातांची फणी आली आणि ओंब्या तिच्यातून ओढून दाणे काढू लागले. काही जाणकार ननचाकूचं मूळ ओकिनावातल्या घोड्यांच्या लाकडी लगामात शोधतात. दोन लाकडं, मध्ये दोरी, हातात मावणारी लांबी. सुताराच्या डोळ्याला हे जास्त पटतं.

गोष्टीचा दुसरा अर्धा भाग शस्त्रबंदीचा. ओकिनावाचा राजा शो शिन याच्या काळातल्या 1509च्या शिलालेखात राज्याची शस्त्रं साठवल्याचा उल्लेख आहे. 1609 मध्ये सात्सुमा या जपानी संस्थानाचे सुमारे तीन हजार सैनिक उतरले आणि राज्य त्यांच्या मुठीत गेलं. बंधनं आली हे खरं. पण जुन्या शस्त्रकलेत ज्यांची नावं राहिली, ते पेचिन म्हणजे दरबारी नोकरीतले खानदानी लोक. लाठीच्या एका काताला, म्हणजे हालचालींच्या ठरीव मालिकेला, साकुगावाचं नाव आहे, साई या हत्याराच्या एका काताला चातान याराचं. ननचाकूच्या कातांना कुणाची नावं आहेत? माएझातो आणि आकामिने. माएझातो हे ताइरा शिनकेन यांचं जन्माचं आडनाव, आणि आकामिने त्यांचे शिष्य. ताइरा 1897 मध्ये जन्मले आणि 1970 मध्ये गेले. ओकिनावाच्या विखुरलेल्या शस्त्रकला त्यांनी गोळा करून घडी बसवून दिल्या, आणि ते नसते तर माझ्या हातात आज ननचाकू नसता. पण ज्या काताला विसाव्या शतकातल्या माणसाचं नाव आहे, त्यात सतराव्या शतकातला शेतकरी शोधायला मी तयार नाही.

मग ही गोष्ट एवढी पसरली का? कारण ऐकायला गोड आहे. नि:शस्त्र गरीब, जुलमी राजा आणि घरातलं अवजार. बोहेमियात हे खरोखर घडलं, दिनांकासकट सांगता येतं. ओकिनावाच्या ननचाकूला मात्र ते उसनं चिकटवलेलं दिसतं. 1972च्या ‘फिस्ट ऑफ फ्युरी’पासून ब्रूस लीनं ननचाकू पडद्यावर आणला. त्याला ते हत्यार दाखवलं डॅन इनोसांटो यांनी. 1973च्या ‘एंटर द ड्रॅगन’नंतर जगभरच्या पोरांनी झाडूच्या दांड्या कापल्या. व्हिडिओ पार्लरच्या काळात आमच्याकडच्याही कापल्या गेल्या, आणि सायकलच्या साखळ्यांना गिऱ्हाईक आलं.

सरकारंही घाबरली. न्यूयॉर्क राज्यानं 1974 मध्ये ननचाकू जवळ ठेवणंच गुन्हा केलं. ब्रिटनच्या सेन्सॉरनं तो सिनेमांतून वर्षानुवर्षं कापला. न्यूयॉर्कमध्ये एका वकिलानं घरात सरावासाठी ननचाकू बाळगल्यावरून झगडा मांडला, आणि अखेर डिसेंबर 2018 मध्ये न्यायाधीश पामेला चेन यांनी ती बंदी घटनाबाह्य ठरवली. त्या कायद्यातली व्याख्या मी दोनदा वाचली. कठीण पदार्थाचे दोन किंवा अधिक तुकडे, चामडं, दोरी किंवा साखळीनं असे जोडलेले की हातात धरल्यावर एक भाग मोकळा फिरेल. लट्रेलच्या पुस्तकातल्या त्या दोन गड्यांच्या हातात नेमकं हेच आहे. त्यांना अटकेतून वाचवणारा शब्द व्याख्येच्या सुरुवातीलाच होता: वस्तू मुख्यतः शस्त्र म्हणून बनवलेली हवी. म्हणजे झिझकाच्या एखाद्या गड्यानं दांडक्यातले खिळे उपटून ते कोठाराच्या भिंतीला टांगलं असतं, तर न्यूयॉर्कच्या पोलिसाला त्याच्यावर कागद करणं अवघड गेलं असतं.